मदत हवी आहे: पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचे दाते झिजलेत, नवीन शाफ्ट टाकण्याआधी कारण कळायला हवंय

मंडळी नमस्कार, मी हर्णैचा. घरी 150 सीसीची गाडी आहे, धाकटा भाऊ रोज बंदरावरून मासळी घेऊन दापोली-खेड करतो, मागे बर्फाचा मोठा बॉक्स बांधलेला असतो. पावसाळ्याआधी नवीन चेन सेट टाकला होता आणि आता इंजिनच्या डाव्या बाजूने कटकट आवाज यायला लागला, थ्रॉटल सोडून परत दिला की झटका बसतो. कव्हर काढून बघितलं तर पुढचं स्प्रॉकेट (इंजिनच्या शाफ्टवर बसतं आणि चेन ओढतं ते दातेरी चाक) हाताने डुगडुगतंय. त्याचे बाहेरचे दाते एकदम चांगले आहेत पण आतल्या खाचा खाल्ल्या गेल्यात, शाफ्टवरचे दाते एका अंगाने झिजून टोकदार झालेत आणि सगळीकडे विटकरी रंगाची बारीक पूड. लॉक प्लेटची (स्प्रॉकेट शाफ्टवरून निसटू नये म्हणून लावलेली पट्टी) भोकंपण लांबट झालीत.

गॅरेजवाला म्हणतो शाफ्ट बदलायचा तर इंजिन उतरवून क्रँककेस उघडावी लागेल, खर्च मोठा आहे, त्यापेक्षा स्प्रॉकेट शाफ्टलाच दोन टाके वेल्डिंग मारून पक्कं करू. भावाचा सगळा धंदा या गाडीवर आहे, ती उभी राहिली की माल दुसऱ्याच्या टेम्पोत द्यावा लागतो आणि मासळी काय थांबत नाही कोणासाठी. शाफ्ट टाकायची तयारी आहे हो, पण कारण न कळता टाकला तर तोही असाच जाईल ही भीती आहे.

बॉक्समधून खारं पाणी गळतं त्याने होतं का? की रस्त्याने, कारण दापोलीचा चढ आणि मग खेडकडे उतार, सारखं ओढणं आणि इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडून इंजिननेच गाडी रोखणं). अजून एक, नवीन स्प्रॉकेट लोकल आहे, जुन्याशेजारी ठेवलं तर मधला भाग जाडीला कमी दिसतोय. आणि भाऊ चेन कायम टाइट ठेवतो, ढिली असली की उतरेल असं त्याला वाटतं. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद (चिपळूण, लेथ आणि गिअरबॉक्सचं काम करतो):

दादा, वेल्डिंग अजिबात मारू देऊ नका. शाफ्टला वरून कडक केलेला पातळ थर असतो तो तापून मऊ पडतो, मागचं ऑइल सील (इंजिनचं ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) जळतं, आणि पुढच्या वेळी स्प्रॉकेट बदलायचं तर कापूनच काढावं लागतं.

ती विटकरी पूड म्हणजेच तुमचं उत्तर आहे. स्प्रॉकेट शाफ्टवर अगदी केसाएवढं जरी पुढेमागे घासत राहिलं तरी लोखंडाचे कण सुटतात, हवेत गंजतात, आणि तो गंज पॉलिश पेपरसारखा दोघांना खातो. खारं पाणी ही गंजण्याची गती वाढवतं पण सुरुवात करत नाही, सुरुवात हालचालीने होते. म्हणजे शोधायचं ते स्प्रॉकेट हललं कशामुळे.

मला पहिला संशय त्या लोकल स्प्रॉकेटवर आहे. मधला भाग पातळ म्हणजे तोच भार कमी लांबीच्या दातांवर येतो, खाचा सैल असतील तर अजून वाईट. खरं तर स्प्रॉकेट शाफ्टपेक्षा थोडं मऊ हवं, झिजायचं तर त्याने झिजावं, शाफ्टने नाही. लॉक प्लेटवाल्या गाड्यांत स्प्रॉकेटला आतबाहेर किंचित प्ले (हलायला जागा) ठेवलेलाच असतो, त्याला घाबरू नका, पण फिरण्याच्या दिशेने किंवा वरखाली डुगडुगता कामा नये.

आता चेन. तुम्ही रिकाम्या गाडीवर सेट करत असणार. बॉक्स आणि माणूस बसला की सस्पेन्शन दबतं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) बोल्ट, मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणते. रिकामी असताना टाइट असेल तर तेव्हा ती शाफ्टला मागे खेचतेच, बेअरिंग आणि सीललाही मारते. सीलमधून ऑइल झिरपतंय का बघा. चेनचं माप मॅन्युअलमध्ये असतं, कम्युटर गाड्यांना साधारण 20 ते 30 मिमी, पण भाऊ माल घेऊन निघतो तर माल लादूनच तपासा, तेव्हाही थोडी हालली पाहिजे. मागच्या हबातले (चाकाच्या मधल्या भागातले) झटका झेलणारे रबरही काढून बघा, दबलेले असतील तर चढउताराचा प्रत्येक झटका सरळ या दात्यांवर येतो. चाक सरळ आहे का तेही, स्विंगआर्मवरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका, दोरी लावून बघा.

मूळ लेखक: खूप आभार दादा. सीलजवळ ऑइल आहेच, आणि रबर काढले तर मधे अंतर पडलंय. शाफ्ट येईपर्यंत गाडी चालवायला काही उपाय?

प्रतिसाद (चिपळूण): शाफ्ट किती झिजलाय त्यावर आहे. दात निम्मे शिल्लक असतील तर कंपनीचं जाड स्प्रॉकेट आणि नवीन लॉक प्लेट बसवा, दोन्ही भाग सॉल्व्हंटने स्वच्छ पुसून मध्ये लॉकटाइट 660 (धातूचे भाग पक्के चिकटवणारं केमिकल) लावा, ते साधारण अर्ध्या मिमीपर्यंतची फट भरतं, एक रात्र गाडी उभी ठेवा. हे टेम्पररी आहे, हलका माल आणि हळू चालवणं एवढंच. टोकं अगदी पातळ झाली असतील तर चालवू नका, उतारावर दाते घसरले की इंजिन ब्रेकिंग जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नवीन शाफ्टला बसवताना खाचांना मॉलिब्डेनम पेस्ट (घासण्यापासून वाचवणारं वंगण) पातळ लावा, जास्त लावली तर रेती चिकटते. आणि बॉक्सच्या गळतीला एक पाइप लावून पाणी चेनपासून लांब सोडा. झिजलेल्या दात्यांचा समोरून फोटो टाका म्हणजे सांगतो चालवायची की नाही.