नव्या काडतुसाचा दाब आणि पुरवठा
‘.३० सुपर कॅरी’ या पिस्तुलाच्या काडतुसाकडे वळावे, कारण त्यामुळे नेहमीच्या ९ मिमी काडतुसापेक्षा तेवढ्याच मापाच्या पिस्तुलात दोन गोळ्या जास्त बसतात, असे सुचवले जाते; हा मुद्दा मान्य आहे; मात्र २०२२ साली आलेल्या या काडतुसाचा कमाल दाब ५०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर ९ मिमीचा ३५,००० पीएसआय ठरवलेला आहे, आणि आखूड नळीत तो दाब कानांना जाणवतो.

आपल्या सिंधुदुर्गात मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुरवठा. खाऱ्या, दमट हवेत चामडी पट्ट्यात पावसाळाभर राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर चढतो आणि ती बदलावीच लागतात. शिवाय शस्त्र-परवान्यावर बोअर (नळीचा आतला व्यास) नोंदलेला असतो (९ मिमी तर सामान्य नागरिकांना वर्ज्यच आहे). पुण्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनणारे .३२ बोअरचे काडतूस सोडून, बदलीचा साठा मिळण्याची खात्री नसलेल्या काडतुसाकडे वळणे मला मुळीच पटत नाही.