अनुभव धागा : वूश्या गेममध्ये पहिलं पाऊल टाकताना (‘व्हेअर विंड्स मीट’ आणि कोकणातले खेळाडू)

रत्नागिरी (धागा सुरू करताना)

‘व्हेअर विंड्स मीट’ हा वूश्या, म्हणजे जुन्या चीनमधल्या योद्ध्यांच्या साहसकथांचा, गेम चीनमध्ये डिसेंबर 2024 मध्ये आला. बाकीच्या जगासाठी 14 नोव्हेंबर 2025 ला पीसी आणि प्लेस्टेशन 5 वर खुला झाला आणि महिन्याभरात मोबाइलवरही मिळायला लागला. फुकट आहे, फोनवर चालतो, त्यामुळे आमच्या ओळखीतली अर्धी पोरं त्यात उतरली. त्यांतली बरीचशी पहिल्या मोठ्या बॉसपाशी, म्हणजे बलाढ्य शत्रूपाशी, वैतागून बाहेर पडली, हे बघून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. आपापल्या गावातून, आपापल्या फोन-लॅपटॉपवर खेळताना तुम्हाला काय उमगलं, ते नव्या माणसाला समजेल असं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. या गेममध्ये आधी बचाव शिका, मारणं आपोआप जमतं. शत्रूच्या रक्ताच्या पट्टीसोबत त्याची ‘ची’ची, म्हणजे अंगातल्या दमाची पट्टी असते. तुम्ही त्याचा वार नेमक्या क्षणी परतवला, म्हणजे डिफ्लेक्ट केला, की ती भराभर उतरते. ती संपली की शत्रू हतबल होतो आणि मोठा घाव घालायची संधी मिळते. नुसती तलवार चालवत राहिलं तर हेच काम कितीतरी लांबतं.

रंग लक्षात ठेवा. वार येताना लाल चमकला तर तो परतवता येतो. सोनेरी चमकला तर परतवायच्या भानगडीत पडू नका, बाजूला उडी मारा. एवढं अंगात भिनेपर्यंत पहिल्याच भागातल्या साध्या डाकूंशी लढत राहा. पुढच्या कथेला पाय फुटत नाहीत.

सेटिंगमध्ये डिफ्लेक्टला मदत करणारा पर्याय आहे. तो चालू असला की वार येताना क्षणभर वेळ मंदावतो आणि बटण कधी दाबायचं ते दिसतं. तो चालू ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. मी तर म्हणेन, सगळ्यांनी त्यानेच सुरुवात करावी.

मालवण

माझा म्हणणा थोडा वेगळा. ता मदतीचा बटण बंद करून बघा. मी दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाचा काम, करतंय. आमच्या नाटकात लिवलेली संहिता नसता, भाषणा थंयच सुचतत, पण लढाई मात्र पखवाज आणि झांजेच्या ठेक्यार चलता. समोरच्यान तलवार उगारली म्हणान आपण लगेच आडवी घालूची नसता. तेचो पाय खंय पडता ता बघूचा, वजन पुढे इला की भिडूचा.

गेममधलो बॉस अगदी तसोच. तो हात उगारून मुद्दाम थांबता. नवो माणूस थंयच घाई करता, बटण दाबता आणि मार खाता. म्हणान पहिल्या खेपेक मारूकच नको. नुसता तेच्याभोवती फिरा आणि तेचो ठेको मोजा. एक-दोन-थांब-तीन असो काय तरी निघताच. तो ठेको गावलो की हात आपणच चलता. मदतीच्या बटणान वेळ मंदावता, म्हणान खरो ठेको कानात बसना नाय. माका तरी तसा वाटता.

चिपळूण

मालवणकरांचं लढाईपुरतं पटलं. पण आमच्या घाटाखाली आधी नेट आणि वीज यांच्याशीच लढावं लागतं, त्याबद्दल कुणीच लिहीत नाही.

हा गेम एकटे खेळत असलात तरी नेट लागतंच. पीसीवर शंभर जीबीच्या आसपास जागा धरून चाला. एवढं डाउनलोड मोबाइल डेटावर करू नका. ज्याच्या घरी फायबर आहे अशा मित्राकडे लॅपटॉप घेऊन जा आणि रात्री लावून ठेवा. पावसात दिवे गेले तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. म्हणून राउटरला स्वतंत्र छोटा यूपीएस घ्या. माझ्या मते खेळावर करायचा हा सगळ्यात शहाणा खर्च आहे.

डिफ्लेक्टची वेळ चुकते म्हणून स्वतःला दोष देण्याआधी पिंग, म्हणजे नेटवरून संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, बघा. पिंग स्थिर असेल तर थोडा जास्त असला तरी हाताला सवय होते. तो सारखा खाली-वर होत असेल तर देवही डिफ्लेक्ट करू शकणार नाही. अशा वेळी लढाई सोडा आणि नुसतं भटका. सीमाशिळा शोधून ठेवा. या शिळांवरून नंतर लांबचा प्रवास झटक्यात होतो. भटकण्यात वेळ वाया जातो असं अजिबात नाही.

रेल्वेने रत्नागिरीला जाणाऱ्यांसाठी : उक्शी गेलं की बॉसला हात घालू नका. पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. सिग्नल जातो आणि लढाई तिथेच संपते.

अलिबाग

मी निवृत्त शिक्षिका आहे. नातवाने फोनमध्ये घालून दिला आणि आता तो पुण्याला गेलाय, मी खेळते आहे. वरची सगळी चर्चा तलवारीची चालली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. छत्री आणि पंखा हीदेखील या गेममधली शस्त्रं आहेत, आणि त्यांचा वार लांबून करता येतो. शत्रूच्या अंगाला भिडावं लागत नाही, बोटं सावकाश चालली तरी निभावतं. एकाच वेळी दोन शस्त्रं जवळ बाळगता येतात आणि लढता लढता बदलता येतात. माझ्याकडे हीच दोन असतात.

काठिण्य पातळीत ‘कथा’ हा सगळ्यात सोपा पर्याय आहे, तो निवडा. मला गोष्ट बघायची असते. हा काळ चीनमधल्या पाच राजवंश आणि दहा राज्यांचा, दहाव्या शतकातला. देशाचे तुकडे झालेले, सैन्यं येतात-जातात, आणि सामान्य माणूस दोन घास मिळवायची धडपड करतो. 960 मध्ये सोंग राजवंश आला आणि काइफंग ही राजधानी झाली. गेममध्ये त्या काइफंग शहरात फिरता येतं. तिथले बाजार, पूल आणि गर्दी बघायला मी तासन्‌तास थांबते. वर्गात इतका इतिहास शिकवला, पण आपल्याकडे राष्ट्रकूटांची सत्ता मावळत होती तेव्हा तिकडे काय चाललं होतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

आणखी एक. या गेममध्ये वैद्य होता येतं. जखमी आणि आजारी पात्रांवर उपचार करता येतात, दुसरे खेळाडूही तुमच्याकडे येतात. ज्यांना मारामारी नको आहे अशा बायकांना मी हेच सांगते : वैद्यकी घ्या, पंखा घ्या आणि चार जणांच्या गटात जा. बरं करणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

हर्णै

काकूंचं वाचून बरं वाटलं. मी थोडक्यात लिहितो, संध्याकाळी लिलावाला बोटी लागायच्या आधी जेवढा वेळ मिळतो तेवढाच खेळतो.

प्राण्यांकडे बघा. काही विद्या गुरूकडून मिळत नाहीत, निरीक्षणातून मिळतात. अस्वलाला निरखलं की ताई ची ही युद्धविद्या येते, बेडकाला निरखलं की बेडूकउडीची विद्या. हे मला फार आवडलं, कारण आमचं शिक्षणही असंच झालं. जाळं कसं टाकायचं हे वडिलांनी समजावून सांगितलं नाही, मी त्यांच्या हाताकडे बघून शिकलो. गेममधल्या युद्धविद्येच्या पंथांच्या आवारात लपून, त्यांचा सराव बघून विद्या चोरताही येते. जपून जा, पकडले गेलात तर मार पडतो.

आणि रस्त्यावरच्या साध्या माणसांवर उगाच हात टाकू नका. तुम्हाला पकडण्यासाठी इनाम लागतं आणि तुरुंगात बसावं लागतं.

वेंगुर्ला

पैशांबद्दल लिहायलाच हवं. माझा भाचा नववीत आहे, त्याच्यासाठी मी हा गेम आधी स्वतः तपासला. विकत मिळतं ते बहुतेक कपडे, केशरचना, सजावट. त्यातलं बरंचसं सोडतीसारखं, म्हणजे पैसे टाकले तरी हवा तो पोशाख निघेलच असं नाही. त्या पोशाखाने तलवारीला धार येत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. गेम पैसे न देता नीट खेळता येतो. यूपीआय पिन मुलांच्या हाती देऊ नका, आणि फोनच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावा. आम्ही सुट्टीत भाऊबंद जमलो तेव्हा घरातल्या प्रत्येक फोनवर हे करून टाकलं.

देवगड

आंब्याचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे खेळायला रात्रीचा अर्धा-पाऊण तास उरतो. तेवढ्यात काय करावं, त्याबद्दल.

एकच जोडी पकडा. शस्त्रं बऱ्याच प्रकारची आहेत आणि सगळी हाताळून बघायचा मोह होतो. बघा जरूर, पण शस्त्र सुधारायचं साहित्य मात्र दोनच शस्त्रांवर खर्च करा. सगळ्यांवर वाटलं तर सगळीच बोथट राहतात. मी दोरीचं पातं घेतलंय. दिसायला अवघड वाटतं, पण शत्रूला लांबून वेढणं जमतं. तलवार आणि भाला ही जोडी नव्या माणसाला जास्त सोपी, हे मला मान्य आहे.

ठरावीक पातळीला अनुभव साठायचा थांबतो आणि ‘ब्रेकथ्रू’ची परीक्षा द्यावी लागते. बरेच जण इथे गोंधळतात, वाटतं गेम अडकला. तसं नाही. ती परीक्षा दिली की पुढे वाढ होते. परीक्षेत शत्रू नेहमीपेक्षा तिखट असतात, म्हणून हात ताजे असताना, जेवणानंतर लगेच नको, शक्यतो सुट्टीच्या सकाळी द्या. आधी औषधं भरून घ्या.

मंडळात, म्हणजे गिल्डमध्ये, लवकर सामील व्हा. सिंधुदुर्गातले आम्ही काही जण रात्री साडेनऊनंतर असतो. मालवणीत बोललात तरी चालेल. नव्या माणसासोबत पहिला बॉस पुन्हा खेळायला आम्ही तयार असतो, फक्त आपला पिंग किती आहे ते आधी सांगा.