गणपतीला ताम्हिणीतून पहिल्यांदाच गाडी नेतोय, पावसात काय काय सांभाळू?

नवाड्रायव्हर:
पुण्याहून मंडणगडला जायचंय, ताम्हिणी-माणगाव मार्गे. गाडी छोटी, पेट्रोल हॅचबॅक, सोबत आई-बाबा आणि बायको. शहरात रोज चालवतो पण पावसात घाट कधी उतरलेलो नाही. मित्र म्हणतो धुकं लागलं की चारही इंडिकेटर चालू ठेव. खरंय का?

मुळशीकर:
अजिबात नको! चारही लुकलुकत असले की तू वळतोयस का हे मागच्याला कळतच नाही, आणि खरंच बंद पडून उभी असलेली गाडी पण तशीच दिसते. लो बीम आणि फॉग लॅम्प बास, हाय बीमने समोर नुसती पांढरी भिंत. उतारावर सेकंडला टाकून इंजिनवर उतर, सारखा ब्रेक दाबत राहिलास तर तापून खाली पोचेपर्यंत लागायचा बंद होतो. आणि न्यूट्रल नको रे बाबा, पेट्रोल वाचवायला लोक करतात.

रातराणी७७:
आधी टायर बघा. खाचांच्या मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं म्हणजे १.६ मिमी उरलं, बदलायचे. साठलेल्या पाण्यावर स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर गाडी पाण्यावर तरंगतेय समजा, ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि चाकं सरळ धरा.
आतून काच धुरकटली तर एसी चालू, हवा पुढच्या काचेवर, बाहेरची हवा आत येईल असं ठेवा. घरची मंडळी थंडी वाजते म्हणून एसी बंद करायला लावतात, तर तापमान वाढवा, एसी बंद नका करू.

नवाड्रायव्हर:
आईचं तेच असतं :D धन्यवाद. अरुंद जागी समोरून एसटी आली तर?

मुळशीकर:
चढणाऱ्याला आधी, हा नियमच आहे, तू उतरत असशील तर तूच थांब. आणि दरीकडच्या कडेला फार जाऊ नकोस, साइडपट्टी पावसाने भुसभुशीत झालेली असते.

कोकणचा_बाब्या:
पुलावरून पाणी जात असेल तर एसटी गेली म्हणून मागोमाग घालू नका, तिची चाकं केवढी आपली केवढी. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या इन्शुरन्समध्ये बहुतेकदा ते धरत नाहीत. पहाटे निघा, उजेडात घाट उतरा. ती धबधब्यावाली गर्दी पण नंतरच येते.


रातराणी७७:
शनिवार-रविवारी ती पण लवकर येते हो.