पोस्टरभर लॉरेल, पण फिल्म लागली कुठं?

गंगावेसकर:
‘एमएच०९ रोल’ यांनी काल इथं लिहिलं की कोल्हापुरात शॉर्ट फिल्मवाल्यांना संधी नाही ही रड आता पुरे. फिल्मफ्रीवेवर, म्हणजे महोत्सवांना फिल्म पाठवायच्या साइटवर, खातं उघडा, फी भरा, जगभर पाठवा. त्यांच्या अठरा मिनिटांच्या फिल्मला वर्षभरात पोस्टर भरून जाईल इतकी लॉरेल मिळाली, म्हणजे महोत्सवात निवड झाली की पोस्टरवर लावायची ती पानांची खूण. खाली ‘नाद खुळा’चा पाऊस पडलाय. मला ते वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

पोस्टरवरची नावं मी एकेक उघडून बघितली. बहुतेक ठिकाणी दर महिन्याला स्पर्धा, दर महिन्याला निकाल, विभाग तर मोजता येत नाहीत. हॉलचं नाव नाही, वेळापत्रक नाही, परीक्षक कोण ते नाही. नियमांच्या पानावर अगदी तळाला लिहिलेलं असतं की जाहीर प्रदर्शन होणार नाही. निवड झाली की दुसरा मेल येतो: ट्रॉफी पाहिजे तर इतके डॉलर, छापील प्रमाणपत्र पाहिजे तर तितके. फिल्म कुठल्या पडद्यावर लागली नाही, एकाही अनोळखी माणसानं बघितली नाही, आणि नाव ‘इंटरनॅशनल’.

याचा फटका कुणाला बसतो ते सांगतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा लग्नात वाढपी म्हणून जातो, त्या पैशावर त्यानं फिल्म केली. फीसाठी आईनं भिशीचे पैसे दिले. लॉरेल आली, स्टेटसला लागली. पण आपल्या फिल्ममध्ये लोक कुठं हसतात, कुठं चुळबुळ करतात आणि कुठं मोबाईल काढतात, हे त्याला आजही माहीत नाही. दिग्दर्शकाला पुढची फिल्म शिकवणारी गोष्ट तीच असते आणि ती विकत मिळत नाही.

फी भरण्याआधी एकच विचारा: कुठल्या हॉलमध्ये, कुणासमोर लागणार? याचं उत्तर देणारे महोत्सव आहेत. मिफ १९९० पासून मुंबईत भरतो, खास माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी. केरळचा आयडीएसएफएफके २००८ पासून तिरुवनंतपुरमला आहे. बंगळुरूचा शॉर्ट फिल्म महोत्सव ऑस्करच्या पात्रता यादीत आहे, इथून रात्रीच्या बसनं सकाळी पोचता. धरमशालेचा आहे. आपल्या गावात बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचा किफ, म्हणजे कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. तिथं निवड होणं अवघड आहे आणि म्हणूनच तिथल्या लॉरेलला किंमत आहे.

एमएच०९ रोल:
एवढं लिहिलंत, फिल्म बघितली का? लिंक पोस्टमध्येच होती.

मी दिवसा प्रिंटिंग प्रेसमध्ये काम करतो. वडील म्हणायचे, असले धंदे बंद कर आणि ऑफसेट मशीन शिकून घे. ट्रॉफी घरी आली, त्यांनी ती स्वतः टीव्हीशेजारी ठेवली. पाहुणे आले की उचलून दाखवतात. त्यानंतर त्यांनी एकदाही ‘बंद कर’ म्हटलं नाही. दुसरं, राजारामपुरीतल्या एका दुकानाची जाहिरात मला मिळाली ती लॉरेल बघून. मालकानं फिल्म बघितलीच नाही, पोस्टर बघितलं. त्या जाहिरातीच्या पैशावर माझी पुढची फिल्म होणार आहे.

तुमच्या मोठ्या महोत्सवांचं सांगू? मिफ दोन वर्षांतून एकदा. बाकीच्यांकडून नकाराचा मेल येतो, तो सगळ्यांना सारखाच, त्यात कारण नसतं. कान्सला निवड झाली म्हणून हार घालून घेणारे आपल्या जिल्ह्यातच आहेत. प्रत्यक्षात त्यांनी पैसे भरून शॉर्ट फिल्म कॉर्नरच्या यादीत नाव घातलेलं असतं, तो बाजार आहे, स्पर्धा नाही. त्यांच्यावर कुणी धागा काढला नाही. प्रेसमध्ये काम करणारा दिसला की सगळ्यांना शहाणपण सुचतं.

तिसरी रांग:
दोघांचंही चालू द्या, पण आवाजाबद्दल कोण बोलणार? आपल्याकडच्या दहापैकी नऊ फिल्ममध्ये रंकाळ्यावर ड्रोन उडतो आणि संवाद ऐकू येत नाहीत. ड्रोनला भाडं द्यायला पैसे आहेत, पण बूम, म्हणजे काठीवरचा माइक, धरायला माणूस नाही. निवड समितीतली माणसं पहिल्या दोन मिनिटांत आवाजावरूनच ठरवतात. मी साउंडचं काम करतो. माझ्याकडं फिल्म येते ती सगळं संपल्यावर, ‘दादा, जरा साफ करून द्या’ म्हणून. मागं जनरेटर, पुढं हिरॉइन.

बारक्या एडिटर:
महोत्सव पाहिजेतच कशाला? यूट्यूबवर टाका, जग बघतंय. माझ्या फिल्मला आलेल्या कमेंट वाचून मी रडलोय.

गंगावेसकर:
@बारक्या, टाक की. पण शेवटी टाक. आधी ऑनलाइन आली तर काही महोत्सव फिल्म घेतच नाहीत, प्रीमियरची अट असते. आणि पार्श्वभूमीला जे जुनं गाणं लावलंयस त्याचा हक्क घेतलायस का? यूट्यूबवर क्लेम येईल, महोत्सव तर हमीपत्रच मागेल.

@एमएच०९, फिल्म बघितली. सुरुवातीची प्रेसमधली पाच मिनिटं चांगली आहेत, मशीनचा आवाज आणि वडलांचे शाईचे हात. नंतर तुम्ही पार्श्वसंगीत ओतलंय. हॉलमध्ये शंभर माणसांसोबत बसून बघितली असती तर तुम्हीच ते काढलं असतं. जाहिरात मिळाली, चांगलं झालं. पण मालकाला पोस्टर दाखवून काम मिळणं आणि नव्या पोरांना ‘फी भरा, संधी मिळेल’ म्हणून सांगणं यात फरक आहे. तुम्ही दुसरं केलंत, माझा आक्षेप त्याला आहे.

धारोष्ण:
संधीचं बोलताय म्हणून लिहितो. राष्ट्रीय पुरस्कारासाठी नॉन-फीचर विभाग आहे, लघुपट-माहितीपटांचा. नागराज मंजुळेच्या ‘पिस्तुल्या’ला तिथंच मिळाला, नगरच्या कॉलेजात शिकताना केलेली शॉर्ट फिल्म होती ती. म्हणून मीही ठरवलं. त्याला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ठीक. माझी फिल्म दूध कट्ट्यावरची, रात्री म्हशी उभ्या करून समोर धार काढून देणाऱ्या म्हाताऱ्याची. त्याची शेवटची म्हैस. आता सांगतात, म्हैस आहे म्हणजे प्राण्यांची वेगळी परवानगी लागणार आणि तीही शूटिंगच्या आधीची. कुणीच आधी सांगितलं नाही. म्हैस काय अभिनय करत होती? ती तिच्या रोजच्या जागी उभी होती, मालक रोजच्यासारखी धार काढत होता. दिवाळी पाडव्याला ह्याच गावात म्हशी सजवून मोटारसायकलमागं पळवतात, तिथं कोण कागद मागत नाही. आणि मी नुसता कॅमेरा लावला तर मी गुन्हेगार.

परवाना:
धारोष्ण, नियम असा आहे. प्राणी दिसत असेल तर सेन्सॉर बोर्ड प्राणी कल्याण मंडळाचं ना हरकत मागतं. मंडळाचं कार्यालय हरयाणात बल्लभगडला आहे. शूटिंगच्या आधी अर्ज, पशुवैद्याचा दाखला, मालकाची संमती. हे २००१ च्या नियमांपासून चालू आहे, तुमच्यासाठी नवीन केलेलं नाही.

पण महोत्सवात दाखवायला सेन्सॉर लागतंच असं नाही. आयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं अर्ज करून सूट घेतात, तिकीटबारीचा धंदा नसेल तर. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार आणि महोत्सव हे दोन वेगळे रस्ते आहेत. कुठल्या रस्त्यानं जायचं ते लिहितानाच ठरवावं लागतं. पुरस्कारासाठी तर प्रमाणपत्राची तारीखही त्याच कॅलेंडर वर्षातली लागते. डिसेंबरात धावपळ करणारे दरवर्षी बघतो.

मुक्या जनावरांची ताई:
पाडव्याचं उदाहरण देऊन काय सिद्ध करायचंय? सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं म्हैस पळते ती आनंदानं पळते असं वाटतं का तुम्हाला? एक चूक चालते म्हणून दुसरीला सूट पाहिजे? फिल्मवाल्यांनी जनावरांचे काय हाल केलेत म्हणून हे नियम आले, ते जुन्या लोकांना विचारा. घोडे पाडायचे तारा बांधून.

धारोष्ण:
ताई, माझ्या चार पिढ्या म्हशीवर जगल्या. म्हैस आजारी पडली की आमच्या घरात चूल पेटत नाही. पाडव्याला आमची म्हैस पळते ती मालकाच्या हाकेवर, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. तिला कोण मारत नाही. तुम्ही गोठ्यात एक रात्र काढून बघा, मग मला हाल शिकवा.

मुक्या जनावरांची ताई:
मी दवाखान्यात पाय मोडलेली जनावरं धरून बसते, रात्र काढायचं मला सांगू नका. तुमची म्हैस सुखी असेल. पण पुढच्या फिल्मवाल्याची असेलच असं नाही, म्हणून कागद सगळ्यांना सारखा.

पेठेतला:
पाडव्यावर बोलाल तर ऐकून घेणार नाही. ही आमची परंपरा आहे. बाहेरून येऊन...

मुक्या जनावरांची ताई:
बाहेरून? माझं माहेर शिवाजी पेठ.

पेठेतला:
माहेर पेठेतलं असून असं बोलता, ह्याचंच वाईट वाटतं.

परवाना:
कागद सगळ्यांना सारखा हे बरोबर. पण मोठ्या निर्मात्याकडं त्यासाठी पगारी माणूस असतो आणि नऊ मिनिटांच्या फिल्मवाल्याला तोच अर्ज, तोच पशुवैद्य, तोच हेलपाटा. ज्याच्या रोजच्या जगण्यात जनावर आहे त्याची गोष्ट या वाटेनं पुरस्कारापर्यंत जाणं अवघड होतं, एवढं धारोष्ण यांचं खरं आहे.

मुक्या जनावरांची ताई:
छोट्या फिल्मला अर्ज सोपा करा, याला माझी ना नाही. अर्जच नको, याला आहे.

सुनंदा (फिल्म सोसायटीची जुनी सभासद):
मुलांनो, म्हशीवर स्वतंत्र धागा काढा, तो महत्त्वाचा आहे. इथं मला वेगळं सांगायचंय.

तुम्ही सगळे फिल्म बाहेर पाठवायचं बोलताय. गावात दाखवायचं कुणी बोलत नाही. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा आपण रडलो. पण ते उभं असताना तरी शॉर्ट फिल्मसाठी कितीजणांनी मागितलं होतं? शाहू स्मारकच्या हॉलला किफच्या वेळी मी दरवर्षी जाते. परदेशी चित्रपटाला खुर्ची मिळत नाही आणि आपल्या पोरांच्या लघुपटाच्या वेळी लोक चहाला जातात.

लोकांना छोटी गोष्ट बघायची सवय नाही असं म्हणाल तर ते खोटं आहे. गणपतीत आपल्याकडं दहा-पंधरा मिनिटांच्या सजीव देखाव्यासाठी पावसात रांग लागते. बायका लेकरं कडेवर घेऊन उभ्या असतात. पडदा उघडतो, कुणी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर करतं, कुणी म्हाताऱ्या आईबापावर, संपला की लोक डोळे पुसत पुढच्या मंडळाकडं जातात. तो प्रेक्षक शॉर्ट फिल्मचाच आहे. त्याला आपण कधी बोलावलंच नाही.

एमएच०९ रोल:
सुनंदाताई, हे पटलं. पण हॉलचं भाडं, प्रोजेक्टर, परवानगी कोण बघणार? मागं एका संस्थेनं आमच्याकडून फिल्म घेतल्या, ‘कोल्हापूरच्या मुलांसाठी व्यासपीठ’ म्हणून. सत्कार तासभर चालला. प्रमुख पाहुण्यांनी १९२९ ला इथं सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी सांगितली, बाबूरावांनी स्वतः बनवलेला कॅमेरा सांगितला. आणि आमच्या फिल्म लावल्या तेव्हा दिवे तसेच चालू, माणसं जेवायला गेलेली. त्यापेक्षा मला डॉलर भरून मिळालेली ट्रॉफी बरी वाटली.

गंगावेसकर:
दिवे चालू ठेवून फिल्म लावणं हा अपमान आहे, यात दुमत नाही. प्रभातनं १९३३ ला पुण्याची वाट धरली, आपण अजून भाषणातून बाहेर आलो नाही. पण एका संस्थेनं वाईट केलं म्हणून पैसे घेऊन लॉरेल वाटणारे चांगले होत नाहीत.

एमएच०९ रोल:
चांगले आहेत असं मी म्हटलंच नाही. उपयोगाचे आहेत म्हटलं. ट्रॉफीचे पैसे वेगळे घेतात हे पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं, तेवढं आज घालतो. बाकी पोस्ट तशीच राहणार.

सुनंदा:
आमच्या गल्लीतल्या मंडळाचा हॉल रविवारी संध्याकाळी रिकामा असतो. क्लासवाल्यांचा प्रोजेक्टर मिळतो, पडदे जाड आहेत, अंधार होतो. सत्कार नाही, पाहुणे नाहीत. फिल्म संपल्यावर दिग्दर्शकानं पुढं बसायचं आणि लोक बोलतील ते ऐकायचं. परवाना, तुम्ही आधी कागदपत्रांचं बघा.

परवाना:
तिकीट नको, जाहिरात नको, सोसायटीच्या सभासदांपुरतं ठेवा. आणि सोसायटीच्या लेटरहेडवर मला द्या, पुढचं बघतो.

बारक्या एडिटर:
माझ्या फिल्मवर लोक तोंडावर बोलणार?

तिसरी रांग:
होय. आणि फाईल पेनड्राइव्हवर नको, दर वेळी अडकते. लॅपटॉपवर आधी कॉपी करा, साडेपाचला आवाज तपासणार. उशिरा आला त्याची फिल्म शेवटी.

धारोष्ण:
म्हशीची चालेल का? नऊ मिनिटांची आहे. आवाज कॅमेऱ्याचाच आहे, आधीच सांगतो.

मुक्या जनावरांची ताई:
मी येणार आहे. बघून बोलेन.

तिसरी रांग:
शनिवारी रात्री ओरिजिनल क्लिप घेऊन ये, एक्सपोर्ट केलेली नको. धारेचा आवाज वर काढू, रस्त्यावरच्या गाड्या जमतील तेवढ्या खाली दाबतो.