ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी मिश्रण रिचच

प्रश्न (पलासिया, इंदूर)
माझ्याकडे २००४ सालची पेट्रोलवर चालणारी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिचे मायलेज लिटरला १४ किलोमीटरवरून १० वर आले आहे, चारही प्लगांवर कोरड्या काजळीचा थर बसतो आणि सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे. गॅरेजमधील सल्ल्यानुसार ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रण कसे आहे ते कळवणारा) बदलला, तरी फरक पडला नाही. गाडी वडिलांनी घेतलेली असल्यामुळे ती विकायची नाही. आता काय तपासावे?

उत्तर १
आणखी एखादा भाग बदलण्याआधी नवा सेन्सर काय सांगतो आहे, ते मल्टिमीटरवर पाहावे. इंजिन तापल्यावर, साधारण २,००० ते २,५०० आरपीएमवर, सिग्नलच्या तारेतील व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सतत खालीवर होत राहायला हवे. ते ०.८ च्या वरच अडकले असेल, तर मॅनिफोल्डवरची (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गावरची) एखादी लहान व्हॅक्यूम नळी क्षणभर काढावी. जादा हवा आत शिरताच व्होल्टेज झरकन खाली आले, तर सेन्सर बिचारा खरेच सांगतो आहे आणि मिश्रण खरोखर रिच आहे, असे समजावे. मग फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब राखणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी काढून टोकाचा वास घ्यावा. ती आतून पेट्रोलने ओली असेल, तर रेग्युलेटरमधला डायफ्रॅम (पडदा) फाटला आहे.

उत्तर २
हा क्रम योग्यच आहे. पण मला "गेल्या उन्हाळ्यापासून" हे शब्द महत्त्वाचे वाटतात. इंजिन पुरेसे तापेपर्यंत ईसीयू (इंजिनाचा संगणक) ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सर इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे (कूलंटचे) जे तापमान कळवतो, त्यानुसार थंड इंजिनासाठी जास्तीचे पेट्रोल देत राहतो. हा सेन्सर बहुतेक गाड्यांत २० अंशांना सुमारे २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास दाखवतो. तो बरोबर निघाला, तर इंजिनच थंड राहत असेल. उन्हाळ्यात गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून फेकून देण्याची वाईट सवय कित्येक मिस्त्रींना असते, आणि त्याचे नुकसान मालकाला महिनोन् महिने कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा कुठे असतो?

प्रश्नकर्ता
देवासच्या रस्त्यावर काटा पाव भागाच्या वर जात नव्हता. राजवाड्याच्या गर्दीत मात्र मध्यावर यायचा. रेग्युलेटरची नळी कोरडी होती, दुसऱ्या नळीच्या परीक्षेत व्होल्टेज ०.८५ वरून लगेच उतरले, आणि काल थर्मोस्टॅटचे झाकण उघडले तेव्हा आत काहीच नव्हते. उन्हाळ्यात रेडिएटरच्या कामासाठी गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये होती, हे तेव्हा आठवले. आज ८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवला. आता काटा मध्यावर स्थिर राहतो आणि व्होल्टेजही खालीवर होऊ लागले आहे. प्लग साफ केले आहेत. मायलेज पुढच्या टाकीनंतर मोजून इथेच लिहीन. आपण दोघांचाही मनापासून आभारी आहे.