भावासाठी आलेल्या स्थळाला काय सांगू?

दांडियाबाजारची ताई:
माझा धाकटा भाऊ मुंबईत हिंदी मालिकांत काम करतो. आमच्या तीन पिढ्या बडोद्यातच गेल्या. कॉलेजात असताना तो गांधी नगरगृहात पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला, तेव्हा बाबांनी पहिल्या रांगेची सहा तिकिटं काढली होती. आता पडद्यावर तो बायकोवर जीव टाकणारा नवरा आहे. रावपुऱ्यातून निघाला की बायका हात धरून थांबवतात.

दिवाळीत अडीच दिवसांसाठी घरी आला. फोन सारखा वाजायचा, स्क्रीनवर नाव 'प्रॉडक्शन'. आई म्हणायची, "घे रे बाबा, कामाचा फोन आहे, जेवण कुठे पळून जातंय?" भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर गच्चीत त्यानं मला सांगितलं, प्रॉडक्शन म्हणजे त्याचा जोडीदार. चार वर्षं एकत्र राहतात. सांगताना रडला नाही, नुसता विझलेल्या पणतीतली वात बोटांनी चुरत बसला. बोटं काळी झाली तरी थांबेना.

आता एक स्थळ आलंय. मुलगी इथलीच, फिजिओथेरपिस्ट. पत्रिका जुळली, आई हरखलीय, रविवारी मंडळी येणार. भाऊ म्हणतो, "ताई, कुणाला कळलं तर माझं काम जाईल. तू काहीतरी सांभाळून घे." त्याचं गुपित माझ्या तोंडून फुटता कामा नये. पण त्या मुलीला फसवणंही माझ्याच्यानं होणार नाही. काय बोलू?

पडद्यामागचा:
ताई, आधी भूमिकेचा तो उल्लेख काढून टाका. लोक लगेच अंदाज बांधतात.

मी बरीच वर्षं मालिकांच्या सेटवर काढली. त्याची भीती खोटी नाही. 'तू असा आहेस म्हणून काढतो' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. कथेचा ट्रॅक फिरतो, नायक परदेशी जातो, नाहीतर त्याला अपघात होतो. केलेल्या कामाचे पैसे 90 दिवसांनी हातात येतात, त्यामुळे तोवर भांडायची सोय नाही. सुप्रीम कोर्टाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानं दोन सज्ञान पुरुषांचं खाजगी नातं गुन्हा राहिलं नाही, पण गुरुवारी येणाऱ्या टीआरपीला त्याचं काय? त्याला बोलायला भाग पाडू नका. ते कधी आणि कुणाला सांगायचं, हे त्याचं त्यालाच ठरवू द्या.

वाघोडिया रोड:
मी त्या मुलीच्या जागी होते. नवरा नट नव्हता, नोकरदार होता. स्वभावानं चांगला, कधी आवाज चढवला नाही. रोज रात्री हॉलमध्ये टीव्ही लावायचा आणि तिथेच झोपायचा. मी वजन कमी केलं, केस कापले, नव्या साड्या घेतल्या. वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. तीन वर्षांनी त्यानं सांगितलं, तेव्हा मला राग येण्याआधी हायसं वाटलं होतं.

त्या लोकांना रविवारी घरी येऊच देऊ नका. चहा-पोहे झाल्यावर दिलेला नकार त्या मुलीच्या पदरात पडतो. आजच फोन करून सांगा, "त्याला लग्न करायचं नाही, मुलीत काही कमी नाही." कारण विचारलं तरी तेच वाक्य पुन्हा म्हणा. ते पुरतं खरं आहे.

निवृत्त मास्तर, फतेगंज:
रेमंड बर हा अमेरिकन टीव्हीवरचा वकील पेरी मेसन. ती मालिका 1957 ते 1966 चालली. आपल्या दोन बायका आणि दहा वर्षांचा मुलगा वारल्याचं त्याच्या चरित्रात छापून येई, तोही तसंच सांगे. त्या माणसांचा मागमूस कुणाला लागला नाही. खरा जोडीदार रॉबर्ट बेनेविडेस मात्र 1993 मध्ये बर वारला तोवर त्याच्या सोबत होता. नसलेल्या लेकराचं मरण मुलाखतीत सांगताना त्या माणसाच्या पोटात काय होत असेल, हे मनातून जात नाही. तुझ्या भावाला गप्प राहू दे बेटा, पण खोटी गोष्ट रचायला लावू नका.

आणि आपल्या बडोद्यात समलिंगी लोकांसाठी काम करणारा लक्ष्य ट्रस्ट आहे. राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल त्याचे संस्थापक. 2006 मध्ये आपण समलिंगी असल्याचं त्यांनी जाहीर सांगितलं, तेव्हा त्यांच्या गावात त्यांचे पुतळे जाळले होते. ते आजही उघडपणे काम करतात. आईशी कसं बोलायचं ते तिथं विचारता येईल.

दांडियाबाजारची ताई:
वाघोडिया रोडच्या ताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं फोनवर म्हटलं. पलीकडे खूप वेळ कुणी बोललं नाही, मग मुलीच्या वडिलांनी "बरं झालं वेळेवर सांगितलंत" म्हणून फोन ठेवला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आज भावाला पाठवायला लिलो चिवडा आणला. मी दोन डबे काढले. आईनं विचारलं, "दुसरा कुणाला?" म्हटलं, "त्याच्यासोबत राहतो ना, त्याला." ती थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला तिखट चालतं का विचार."