धुपाच्या वासाचं परफ्यूम बडबड्या माणसाला शोभतं का?

कॉम दे गार्सों या ब्रँडचं आविन्यों नावाचं परफ्यूम कोणी वापरलंय का? दुकानात मनगटावर मारून बघितलं तर थेट चर्चमधला धूप, गार दगडी भिंती वगैरे, मला जाम आवडलं पण बायको म्हणते हा कमी बोलणाऱ्या माणसाचा वास आहे, तू दोन मिनिटं गप्प बसत नाहीस. खरंच असं असतं का?

— वहिनींचं अगदीच चुकलं नाही 😄 हे त्यांच्या २००२ च्या इन्सेन्स (म्हणजे धूप) सिरीजमधलं, त्यात क्योटो, जैसलमेर, वार्झाझात, झागोर्स्क पण आहेत. आविन्यों कॅथलिक चर्चच्या धुपावरचं, म्हणून इतकं गंभीर. तू क्योटो बघ, तेही आविन्यों बनवणाऱ्या बर्त्रां दुशोफूरचंच, पण त्यात सायप्रेसचं झाड, कॉफी, सागवान असल्याने जरा मोकळं वाटतं, गप्पिष्ट माणसालाही चालून जाईल.

— स्वभाव वगैरे काही नसतं हो. मी दिवसभर हसत खिदळत असते आणि तीन वर्षं आविन्योंच लावते, उलट लोक जवळ येऊन विचारतात की काय लावलंय. फक्त उन्हाळ्यात लोकलमध्ये नको, एकच स्प्रे पुरे.

— माझ्या आईने वास घेतला आणि म्हणाली, घरात ऊद कोणी घातला? तिचंही बरोबरच म्हणा, आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या झाडाचा डिंक चर्चमधल्या धुपाच्याच कुळातला. आता मी ते फक्त बाहेर जाताना जिन्यात मारतो.

— धन्यवाद मंडळी, क्योटोचं सँपल मागवतो, बायकोला सांगत नाही.